मोगऱ्याचं सेकंड अपील

मोगरा फुलला की लोकांना काय काय आठवतं. कुणाला गजरा आठवतो, कुणाला गजरा माळलेली व्यक्ती आठवते, कुणाला लग्नघर. मला हायकोर्ट आठवतं. त्याला माझा इलाज नाही. आज सकाळी कळ्या खुडायला वाडीत वाकले, ओल्या मातीचा आणि न उमललेल्या कळ्यांचा तो हिरवट वास नाकात शिरला, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बोर्डावर कितवा नंबर?" शेजारच्या ओळीत मम्मी खुडत होती. "अजून उतरलं नाय का तुझ्या डोक्यातून?" असं म्हणाली आणि मग स्वतःच हसायला लागली, कारण तिच्याही डोक्यातून ते उतरलेलं नाही.

आम्ही होळीचे. सणाचा काही संबंध नाही, वसईजवळच्या आमच्या गावाचं नावच ते आहे. नवीन माणसाला पत्ता सांगताना हे सांगावं लागतं, आणि तरीही तो "मग रंगपंचमीला मजा येत असेल" असं म्हणतोच. गावात केळी, भाजी, पानवेली आणि फुलं. सकाळी फुलांचा टेम्पो गेला की मी कॉलेजात शिकवायला विरारला जाते, जिथं माझे निम्मे विद्यार्थी सातव्या-आठव्या मजल्यावर राहतात आणि मोगरा कुंडीत येतो असं समजतात. त्यांना बावखल माहीत नाही. बावखल म्हणजे वाडवडिलांनी हातांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना आमची केळी गोड लागतात ती त्याच्याच जिवावर.

आजोबांच्या पिढीत वाटणी झाली तेव्हा बावखल गेलं थोरल्या घराकडं आणि मोगऱ्याची जमीन आली धाकट्या घराकडं. पाणी त्या बाजूला आणि तहान या बाजूला, अशी ती वाटणी. तोंडी ठरलं होतं की पाणी दोघांचं. बावखलातून एक पाट आमच्याकडं येत असे, पुढं पाटाचा पाइप झाला. आज थोरल्या घरात इनासकाका आहेत आणि धाकट्या घरात माझे पप्पा, दुमिंग. चुलत भाऊ, एकाच वर्षी शाळेत गेलेले, एकाच वर्षी नापास झालेले. दोन घरांच्या मध्ये एक कुंपण आहे आणि कुंपणाच्या मध्यावर दोघांचा मिळून एक क्रूस आहे.

भांडण कुठं सुरू झालं हे सगळ्यांना नक्की माहीत आहे: काकांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात. पाहुण्यांसमोर काका कौतुकानं म्हणाले, "दुमिंगचा मोगरा माझ्या पान्यावर फुलतो." पप्पांच्या हातात वाइनचा ग्लास होता. ते म्हणाले, "पानी कोनाच्या उपकाराचं नाय, हक्काचं हाय." काका म्हणाले, "हक्काचं हाय तर कोर्टातून आन." आणि पप्पांनी आणलं. खालच्या कोर्टात पप्पा जिंकले, जिल्हा कोर्टात काका जिंकले, आणि जिल्हा कोर्टानं आम्हाला हायकोर्टात जायला काही आठवड्यांची स्थगिती दिली. तेवढे आठवडे पाइप चालू राहणार होता. पुढं काकांची मर्जी. आणि हे सगळं ऐन मोगऱ्याच्या तोंडावर, छाटलेल्या झाडांना नवी पानं फुटत असताना. त्या वेळी आठवडाभर पाणी तुटलं तर कळी धरतच नाही, आणि उन्हाळा तसाच गेला तर झाड मुळातून जातं. आमच्या त्या ओळी पप्पांच्या वडिलांनी लावलेल्या आहेत. म्हणजे प्रश्न साधा होता: मोगरा राहणार की जाणार.

हायकोर्टाबद्दल पप्पांची एक ठाम समजूत होती. खालच्या कोर्टात गर्दी असते म्हणून तिथं कुणी नीट ऐकून घेत नाही, जसजसं वर जावं तसतसं निवांत होत जातं, आणि अगदी वर गेलं की न्यायमूर्ती खुर्ची पुढं ओढून म्हणतात, "बोला दुमिंगराव, अगदी पहिल्यापासून सांगा." पप्पा पहिल्यापासून सांगायची तयारी करू लागले. पहिल्यापासून म्हणजे बावखल खणल्यापासून. संध्याकाळी ओट्यावर उभे राहून ते सराव करायचे. मम्मी न्यायमूर्ती व्हायची आणि तांदूळ निवडता निवडता मान डोलवायची. एका बाटलीत बावखलाचं पाणी भरून ठेवलं होतं, न्यायमूर्तींना चाखायला.

आमच्या वकील सावंत मॅडम. मूळच्या सावंतवाडीकडच्या, विरारला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, वयानं माझ्याएवढ्या. त्यांनी बाटली पाहिली आणि चष्मा काढून पुसला.

"काका, हायकोर्ट पाणी चाखत नाही."

"मग निदान बघू द्या."

"बघतही नाही. दुसऱ्या अपिलात खरं कोण, खोटं कोण, पाइप किती जुना, हे काही बघत नाहीत. ते खालच्या दोन कोर्टांनी बघून झालं. हायकोर्ट एवढंच विचारतं की यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे का? असला तर अपील दाखल. नसला तर दोन मिनिटांत घरी."

पप्पांनी बाटलीचं बूच पुन्हा घट्ट लावलं. "म्हंजे मी इतकी वर्षं उत्तरं जमवली, आनि ते मागतात प्रश्न?"

"हो, काका."

तेव्हापासून आमच्या घरात कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नाचा शोध सुरू झाला. चष्मा हरवला की जसं सगळं घर उशा उचलून बघतं तसे आम्ही सगळे कामाला लागलो. पप्पांचा पहिला प्रश्न होता, "इनासला लाज कशी वाटत नाय?" सावंत मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न महत्त्वाचा आहे पण कायद्याचा नाही. मम्मीचा प्रश्न होता, बावखलात पडणारा पाऊस आभाळातून येतो, मग तो थोरल्या घराचा कसा? हा मॅडमना जरा आवडला, पण त्यांनी लिहून घेतला नाही. शुक्रवारी पाचूबंदरहून मासळी घेऊन येणारी मरीमावशी टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "समुद्राचं पानी कोनाचं? कोनाचंच नाय. मग सगले त्यात जालं टाकतात ना? इचार तुज्या जजाला." उपवासकाळ असल्यानं आमच्याकडं मटण बंद होतं, मरीमावशीच्या फेऱ्या वाढल्या होत्या, आणि दर फेरीला ती एक नवा प्रश्न आणायची. तिथून उठून ती काकांच्या घरी जायची आणि त्यांना उलट बाजूचे प्रश्न पुरवायची. बोंबील दोन्हीकडं सारखेच ताजे असत.

आणि मग स्थगिती संपली.

अपील कोर्टात दिलेलं होतं, पण बोर्डावर आलेलं नव्हतं. बोर्ड म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठली प्रकरणं घेणार त्याची यादी, हे तोवर आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. सावंत मॅडमनी फोन करून बजावलं की आता कुठल्याही सकाळी पाइप बंद होऊ शकतो आणि तो कायदेशीर असेल. आम्ही तिघं पहाटे उठून स्वयंपाकघराच्या मागं पाइपाशी उभे राहिलो. मोटार काकांच्या बाजूला. ती आधी त्यांच्या केळीला पाणी देते, मग आमच्या पाइपाची चावी उघडायची ती काकांनीच. मोटारीचा आवाज आला. केळीचं पाणी झालं. मग शांतता. मम्मीनं कपाळावर क्रुसाची खूण केली. आणि पाइपानं एकदा घसा खाकरला आणि भळभळ पाणी आलं.

"विसरला," पप्पा कुजबुजले. "तारीख विसरला तो. आता कोनी कायपन बोलायचं नाय. त्याला आठवन झाली की संपलं."

तेव्हापासून आमचं घर चोरासारखं वागू लागलं. 'स्थगिती' हा शब्द बंद. 'तारीख' हा शब्द बंद, अगदी लग्नाची तारीखसुद्धा. कुंपणापाशी मम्मी आणि रेजीनकाकी, म्हणजे इनासकाकांची बायको, यांचं वालाच्या शेंगा आणि कोथिंबिरीचं देणंघेणं चालायचं, कारण अबोला पुरुषांचा होता आणि बायकांना असल्या गोष्टींना वेळ नव्हता. तर तिथंही मम्मी आता हवेवर बोलायची फक्त. कॅलेंडर तोरणासारखं दारासमोर लटकायचं ते पप्पांनी आतल्या खोलीत नेलं, जणू काका कुंपणावरून वाकून ते वाचणार होते. रोज पहाटे आम्ही पाइपाशी. रोज पाणी. आणि दररोज पप्पांचा चेहरा असा, की देवानं आज पुन्हा एकदा इनासची बुद्धी झाकली.

बोर्डावर नंबर लागला तो पार खाली. सावंत मॅडमनी घरून बघायला व्हिडिओची लिंक पाठवली. आमच्या वाडीत झाडं इतकी दाट की नेट जेमतेम येतं. मी फोन घेऊन पेरूच्या झाडावर चढायचे तेवढंच बाकी होतं. पहिल्या दिवशी घाईत मी भलत्याच कोर्टाची लिंक उघडली. हायकोर्टात प्रत्येक दालनाचा विषय वेगळा. एकीकडं खून-दरोडे, एकीकडं कंपन्या, एकीकडं आमच्यासारखी दुसरी अपिलं. आम्ही जाऊन बसलो व्यापाऱ्यांच्या दालनात. तिथं दोन मसालेवाले भांडत होते, डब्याच्या लाल रंगावरून. एकाचं म्हणणं, रंग आमचा, त्यांनी उचलला. आम्ही आमच्या नंबरची वाट बघत ते सगळं ऐकलं. मम्मी आतून स्वतःचा मसाल्याचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "दोघं खोटं बोलतात, लाल तर माझ्या आईचा डबा होता." दुपारी कळलं की आमचं दालन दुसरंच होतं आणि तिथं आमचा नंबर आलाच नाही. पप्पा म्हणाले, "जाऊ दे, ते मसाल्याचं काय झालं?"

मग आम्हाला चटकच लागली. दुसऱ्या दिवशी पप्पांनी मुद्दाम फौजदारी दालन लावायला सांगितलं. जामिनाचा अर्ज होता. तरणा पोरगा, मारामारीत अडकलेला. सरकारी वकील एक बोलायचे, त्याचे वकील दुसरं, आणि पप्पा मध्येच फोनला सांगायचे, "सोडा हो, त्याची आय म्हातारी हाय." सुदैवानं आमचा माइक बंद होता. कुंपणापलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, आणि लक्ष देऊन ऐकलं तर तोच सरकारी वकील. काकांच्या मुलानं कॅनडाहून पैसे पाठवून त्यांच्याकडं भलामोठा टीव्ही आणि वायरचं नेट बसवून दिलं होतं. म्हणजे तिकडंही तोच पोरगा, तोच जामीन. पोराला जामीन मिळाला तेव्हा दोन्ही घरांतून एकदमच "हां!" असा आवाज आला आणि मग दोन्ही घरं ओशाळून गप्प झाली.

त्या दिवसांत मला हायकोर्ट जरा कळलं, जितकं पेरूच्या झाडाखालून कळतं तितकं. फौजदारीत शंका उरली की आरोपी सुटतो. दिवाणीत कुणाचं पारडं थोडं जड आहे ते बघतात. व्यापाऱ्यांच्या भांडणात करारावर काय लिहिलंय ते आधी वाचतात. हे मी पप्पांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आमच्यात कागद नाय, पारडं नाय, शंका मात्र मुबलक. आमची केस फौजदारीत चांगली चालली असती."

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसापाशी प्रार्थना असायची. क्रूस दोघांचा, त्यामुळं दोन्ही पक्षकार गुडघे टेकून शेजारी शेजारी. प्रार्थनेच्या शेवटी कुणीही आपली विनवणी मोठ्यानं मांडायची आणि बाकीच्यांनी "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" असं म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. काका म्हणाले, "जे दुसऱ्याच्या वस्तूवर हक्क सांगतात त्यांना सुबुद्धी मिळावी." पप्पांसकट सगळ्यांना म्हणावं लागलं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." मग पप्पा म्हणाले, "ज्यांचं हृदय दगडाचं झालंय त्यांना पाझर फुटावा." काकांनी दात आवळून म्हटलं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." दोघांच्या विनवण्या वाढत गेल्या आणि डास चावू लागले. शेवटी रेजीनकाकी म्हणाली, "आनि इथल्या सगळ्या बायकांना स्वयंपाकाला वेळेवर घरी जाता यावं." त्या प्रार्थनेला सर्वांत मोठा प्रतिसाद मिळाला.

त्याच आठवड्यात सावंत मॅडमना प्रश्न सापडला. त्या आमच्या ओट्यावर बसून पप्पांना जुन्या गोष्टी विचारत होत्या, सहज. मोगऱ्याचं पहिलं पाणी कसं सुरू व्हायचं? पप्पा रंगात आले. थंडीत छाटणी करायची, पाणी तोडायचं, झाड उपाशी ठेवायचं. मग फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचे वडील थोरल्या घराच्या ओट्यापुढं जायचे आणि विचारायचे, "पानी सोडू का?" आतून आवाज यायचा, "सोड." मग पाणी. दर वर्षी. पप्पांनीही सुरुवातीला काही वर्षं विचारलं, मग पाइप आला आणि विचारायचं राहून गेलं.

मॅडमनी लिहायचं थांबवलं. "काका, हे तुम्ही कोर्टात कधी सांगितलंत?"

"इनासनंच सांगितलं. त्यावरच जिल्ह्याला हरलो."

"हाच तो प्रश्न." त्या उभ्याच राहिल्या. "दर वर्षी विचारून घेतलेलं पाणी म्हणजे परवानगी. परवानगी कधीही काढून घेता येते. पण 'नाही' असं कुणी म्हणूच शकत नसेल, तर ते विचारणं म्हणजे परवानगी मागणं की नुसती घरची रीत? रीत असेल तर हक्क शिल्लक राहतो. हा कायद्याचा प्रश्न आहे!" आम्ही सगळे आनंदलो. मम्मीनं चहा टाकला. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "फक्त एक लक्षात ठेवा. आता निकाल लागेपर्यंत काहीही झालं तरी त्यांना पाणी मागायचं नाही. एकदा विचारलंत की केस गेली."

तिकडं काकांच्या वकिलांनी काकांना सांगून ठेवलं होतं, ते आम्हाला कुंपणावरून कळलंच, की स्थगिती संपली की दुमिंगनं विचारल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. दिलंत की केस गेली.

मी मुलांना वर्गात शिकवते की माणसं आपल्या फायद्याचं बघून वागतात. त्या उन्हाळ्यात मला हे शिकवताना अडखळायला होई.

सुनावणी झाली तेव्हा सावंत मॅडमनी प्रश्न मांडला. न्यायमूर्ती बाई होत्या, बारीक चणीच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी कागद चाळले, पुन्हा चाळले आणि म्हणाल्या की प्रश्न आहे खरा. पण आदेश काढण्याआधी दोन्ही पक्षकारांशी दोन शब्द बोलायचे आहेत, पुढच्या वेळी दोघांनी व्हिडिओवर हजर राहावं. कोर्टाची उन्हाळी सुट्टी तोंडावर आली होती. सुट्टीआधी काही झालं नसतं तर मोगऱ्याला कोर्ट उघडेपर्यंत देवावर आणि इनासकाकांच्या विसराळूपणावर विसंबून राहावं लागलं असतं.

आदल्या दिवशी कुंपणापाशी रेजीनकाकी मम्मीला म्हणाली, "तुमच्याकडं नेट येत नाय. न्यायमूर्तींना दुमिंगभाऊंचा नुसता कान दिसंल. इकडंच या सगळे. चहा पन होईल."

पप्पा रागावले. शत्रूच्या घरात जायचं? मग त्यांनी फोनवर स्वतःचा चेहरा बघितला, अडखळत्या नेटमुळं तो चौकोनांचा झाला होता. सकाळी ते लग्नातला सूट घालून तयार झाले. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नाही म्हणून मम्मीनं केळीच्या पानात कळ्या बांधल्या. काकीनं त्या घेतल्या, अर्ध्या घरातल्या देव्हाऱ्याशी ठेवल्या आणि अर्ध्या अंबाड्यात खोवल्या. काकाही सूटमध्येच होते. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले, मध्ये माणूस मावेल एवढी जागा ठेवून, आणि एकमेकांकडं न बघता टीव्हीकडं बघू लागले.

आमचा नंबर पुकारला गेला.

"अपीलदार कोण?" न्यायमूर्तींनी विचारलं.

पप्पा ताडकन उभे राहिले. टीव्हीवर फक्त त्यांचा पट्टा दिसू लागला. "बसा, चेहरा दिसू द्या," त्या म्हणाल्या. "आणि प्रतिवादी?"

सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरून काकांनी हात वर केला. त्या हातात कप होता.

न्यायमूर्ती जरा पुढं वाकल्या. "तुम्ही दोघे एकाच ठिकाणी आहात?"

"होय."

"हे कुणाचं घर आहे?"

"माझं," काका म्हणाले. "याच्याकडं नेट येत नाय. झाडं फार."

एका चौकोनात काकांचे वकील होते, ते घाईघाईनं म्हणाले की त्यांना याची काही कल्पना नव्हती. दुसऱ्या चौकोनात सावंत मॅडमनी कपाळावर हात ठेवला होता. नेमक्या त्या वेळी रेजीनकाकी सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची बशी घेऊन आली, सवयीनं पप्पांपुढं धरली, मग काकांपुढं, आणि मग क्षणभर टीव्हीकडंही.

न्यायमूर्तींनी खाली कागदांत बघितलं. जरा वेळ त्या खालीच बघत होत्या. मग म्हणाल्या, "जिल्हा न्यायालयाची स्थगिती तर संपलेली दिसते. आता पाणी चालू आहे की बंद?"

मी, मम्मी आणि पप्पा, तिघांनी एकदम जमिनीकडं बघितलं. इतके आठवडे राखलेलं गुपित न्यायमूर्तींनी एका वाक्यात फोडलं होतं.

"चालू हाय," काका म्हणाले.

"कुणाच्या आदेशानं?"

"आदेश कसला त्यात. मोगरा वाळतो."

काकांचे वकील म्हणाले, हे त्यांच्या सल्ल्याविरुद्ध झालेलं आहे. काका त्यांच्या चौकोनाकडं वळून नम्रपणे म्हणाले, "सल्ला तुमचा बरोबरच हाय साहेब. पन तुमच्या घरी मोगरा नाय."

पप्पा काकांकडं वळले. कोर्ट, सूट, टीव्ही सगळं विसरून वळले. "तुला ठाऊक होतं? तारीख संपलेली?"

"वाडीतल्या म्हशींना ठाऊक होतं."

"मग बोलला का नाय?"

"तू इचारलं का नाय?"

 मग टीव्हीतून आवाज आला, "खरंच, का नाही विचारलंत?"

"न्यायमूर्ती बाई," पप्पा म्हणाले, आणि चर्चमध्ये वाचन करताना काढतात तो शुद्ध आवाज त्यांनी काढला, "माझ्या वकिलांनी मला निक्षून सांगितलेलं आहे की मी विचारलं तर माझी केस जाईल."

"तुमच्या वकिलांचं बरोबर आहे," न्यायमूर्ती म्हणाल्या. "कायदा तसाच आहे." त्यांनी चष्मा काढला. "पण कायद्यात याचीही सोय आहे. मी आदेशात लिहिते की दर हंगामाला अपीलदारांनी विचारावं आणि प्रतिवादींनी पाणी सोडावं, हे सगळं दोघांच्या हक्कांना बाध न येता. म्हणजे विचारलंत म्हणून तुमचा हक्क जात नाही, आणि दिलंत म्हणून यांचा जात नाही. चालेल? मग विचारा. मी ऐकते आहे."

पप्पांना ते सोपं गेलं नाही. मी त्यांना इतकं अवघडलेलं कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं, इतकी कोर्टं, आणि शेवटी हातभर अंतरावरच्या माणसाला चार शब्द विचारायचे. त्यांनी टाय सैल केला, पुन्हा घट्ट केला. मग म्हणाले, "हक्कांना बाध न येता..." आणि थांबले. काका टीव्हीकडंच बघत होते. "पानी सोडू का?"

"सोड," काका म्हणाले.

मला रडू आलं. मम्मीला आलं, काकीला आलं, आणि सावंत मॅडमचा कॅमेरा अचानक बंद झाला. न्यायमूर्तींनी अपील दाखल करून घेतलं, प्रश्न लिहून घेतला, आणि पुढचं प्रकरण पुकारलं. त्याला दोन मिनिटंच लागली असतील. बाहेर पडताना पप्पा मला म्हणाले, "बघ, सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं त्यांनी."

ते शब्द मग वाडीला चिकटले. मम्मी कुंपणावरून म्हणते, "हक्कांना बाध न येता दोन लिंबं दे." काकी म्हणते, "हक्कांना बाध न येता तुझी खवणी परत कर." गेल्या वर्षी माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं मला मागणी घातली तीही याच शब्दांत घातली, कारण तोवर त्याला आमच्याकडं दोन वेळा जेवायला बोलावून झालं होतं.

अपील मात्र दाखल होऊन आपल्या नंबरची वाट बघत बसलं, आणि दर फेब्रुवारीला पप्पा न्यायालयाच्या आदेशानुसार सूट न घालता, पण स्वच्छ शर्ट घालून थोरल्या घराच्या ओट्यापुढं जात राहिले. आता विचार करते तेव्हा वाटतं की त्या बाईंनी आम्हाला निकाल दिला नाही हे किती बरं केलं. त्यांनी फक्त विचारायची मोकळीक दिली. काही भांडणांत माणसाला जिंकायचं नसतंच, आपल्याशी कुणीतरी नीट बोलावं एवढंच हवं असतं. हे मला कळायला तीन कोर्टं लागली.

या वर्षी फेब्रुवारीत दोन गोष्टी एकदम झाल्या. पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि सावंत मॅडमचा आनंदानं फुललेल्या आवाजात फोन आला की अपील अंतिम सुनावणीला लागतंय. पप्पा ओट्यावर पाय लांब करून पडले होते. त्यांचा चेहरा उतरला.

"मग काय होईल?" त्यांनी विचारलं.

"जिंकलात तर परत कधी विचारायची गरज नाही, काका. हरलात तर विचारून उपयोग नाही."

 मग त्यांनी मॅडमना सांगितलं, "पुढची तारीख मागा." मॅडमना ऐकू आलं नसावं असं वाटून त्यांनी ते दोनदा सांगितलं.

झाडं छाटून, पानं झाडून उभी होती. पहिल्या पाण्याची वेळ टळत चालली होती. मी म्हटलं, मी जाऊन विचारते. नको. मम्मी म्हणाली, फोन करा. नको. एका सकाळी कुंपणातल्या फटीतून इनासकाका आले. हातात काठी, कारण त्यांचाही गुडघा पप्पांच्याच वयाचा. आमच्या ओट्याखाली येऊन उभे राहिले. पायरी चढले नाहीत.

"अपील बोर्डावर आलंय," पप्पा म्हणाले.

"ठाऊक हाय. मी वकिलाला सांगितलं, मला पुढची तारीख पायजे."

"मी पन तेच सांगितलं."

काकांनी मान हलवली. मग बावखलाच्या दिशेला बघितलं, आमच्या उपाशी ओळींकडं बघितलं, आणि काठी ओट्यावर आपटली. "मग इचार ना लवकर. मोटार लावायची हाय."

पप्पा हातांवर जोर देऊन उठून बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि त्यांनी विचारलं.